बांगडा, आमसूल आणि मीठ

राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांचा इतिहास लिहिणें तुलनेनें सोपें असतें. तेथें खर्चाच्या याद्या असतात, दरबारच्या लेखकांनीं केलेलीं वर्णनें असतात, परदेशी वकिलांनीं मायदेशीं धाडलेलीं पत्रें असतात. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरांत दुपारीं बाराच्या सुमारास चुलीवर चढणाऱ्या बांगड्याच्या कालवणाची याद कोणीं ठेविली? रांधणाऱ्या बाईनें तें आपल्या सासूचें पाहून पाहून उचललें, सासूनें तिच्या सासूचें; आणि त्या परंपरेंत लेखणीला काम असें फारसें पडलेंच नाहीं. असें असूनहि या पदार्थाचा इतिहास अगदींच मुका नाहीं. भांड्यांत पडणाऱ्या एकेका जिन्नसाला स्वतःचें वय आहे, आणि मौज अशी कीं, तीं वयें एकमेकांशीं मुळींच जुळत नाहींत.

पदार्थाची कृति थोडक्यांत अशी. खवलेला नारळ, भिजविलेल्या सुक्या मिरच्या, थोडे धणे आणि हळद हीं पाट्यावर गंधासारखीं वाटावयाचीं. हें वाटण पाण्यांत कालवून मातीच्या भांड्यांत उकळी आणावयाची. मग साफ करून मीठ लावलेले बांगड्याचे तुकडे, चारपांच आमसुलें व थोडीं ठेचलेलीं तिरफळें त्यांत सोडावयाचीं. मासा पडल्यावर डाव घालावयाचा नाहीं. फडक्यानें भांड्याची कड धरून तें नुसतें हलवावयाचें, नाहींतर तुकडे मोडतात. दहा मिनिटांत काम आटोपतें. कोठें शेवटीं चमचाभर खोबरेल वरून सोडतात, कोठें सोडीत नाहींत. फोडणी नाहीं, तळणें नाहीं, तूप नाहीं. शेजारीं उकड्या तांदुळाचा भात. आणि रात्रीच्या जेवणाला त्याच भांड्याच्या तळाशीं उरलेलें तेंच कालवण, जें दुपारच्यापेक्षां रात्रीं अधिक रुचकर लागतें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेजेबरोबर त्याहूनहि अधिक. गोव्यांत या शिळ्या कालवणाला ‘कालची कडी’ असें स्वतंत्र नांवच आहे, आणि तें नांव उच्चारतांना कोणाहि गोंयकाराच्या चेहऱ्यावर शिळेपणाची खंत दिसत नाहीं.

या जिन्नसांत थोरला मान नारळाचा. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले हे लेख. त्यांपैकीं एकांत शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारें, वगैरे ठिकाणच्या साधूंसाठीं नानंगोल नांवाच्या गांवीं ३२,००० नारळीचीं झाडें दान दिल्याची नोंद आहे. आंकड्यांत दात्याचा उत्साह कांहींसा मिसळला असेल असें धरलें, तरी या किनाऱ्यावर नारळीची लागवड त्या काळीं दानपत्रांत घालण्याइतकी मोठी होती एवढें निश्चित ठरतें. नारळाच्या रसांत मासा शिजविण्याची कल्पना कोणाला प्रथम सुचली हें विचारण्यांत अर्थ नाहीं. ज्या अंगणांत माड आहे आणि ज्या अंगणापुढें समुद्र आहे, तेथें ती सुचल्यावांचून राहणें अवघड होतें.

माशाच्या पाककृतीला ग्रंथांत स्थान मिळालें तें घाटावर, आणि तेंहि राजाच्या ग्रंथांत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या सुमारास रचिलेल्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ असें एक प्रकरण आहे. कोणत्या जातीचा मासा कोठें राहतो, त्याला कोणतें आमिष घालावें, गळ कसा टाकावा याचें त्यांत सविस्तर विवेचन येतें. भोजनाच्या भागांत माशाचे तुकडे स्वच्छ धुऊन चिंचेच्या कोळांत शिजविण्याची आणि पीठ लावून तेलांत तळण्याची रीत सांगितली आहे. आज गिरगांवांतल्या एखाद्या घरीं रव्यांत घोळवून तव्यावर पडणारी सुरमईची तुकडी ही या राजमान्य तुकडीची दूरची नात होय असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु सोमेश्वराचा मासा हा विनोदाचा, म्हणजे करमणुकीचा मासा आहे. पोटासाठीं पकडलेल्या माशाचा त्या प्रकरणांत विचार नाहीं. मिरचीचें तर त्यांत नांव नाहीं, आणि तें असणें शक्यहि नव्हतें. तिखटपणाचें सगळें काम मिऱ्यांकडे होतें.

आमसुलाची लेखी साक्ष मिळते ती एका पोर्तुगीज वैद्याकडून. गार्सिया द ऑर्ता हा गोव्यांत राहणारा वैद्य. मुंबई बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यांत १५६३ मध्यें छापून निघाला. त्यांत त्यानें ‘ब्रिंदोंइश’ नांवाच्या एका फळाचें वर्णन केलें आहे. तें आंतून गर्द तांबडें, अतिशय आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचें, आणि त्याची साल वाळवून ठेवून तिचा शिरका करतात, असें तो लिहितो. गोव्यांत कोकमाच्या फळाला भिरंड म्हणतात. हें ऐकल्यावर त्या परकी नांवाची ओळख पटावयास वेळ लागत नाहीं. ऑर्ताला त्या फळांत शिरका दिसला, कारण त्याच्या देशांत आंबट म्हणजे शिरका. पुढें गोव्यांतील ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकांत माडाच्या ताडीचा शिरका मोठ्या प्रमाणावर आला, आणि त्याच गांवांतल्या हिंदु घरांत आमसूल व चिंच राहिलीं. बांगडा दोघांचा एकच, आणि बहुधा एकाच पाटींतून विकत घेतलेला.

आंबटाचें या कालवणांत काम केवळ जिभेपुरतें नाहीं. मासा मेल्यावर त्याच्या अंगांत ट्रायमिथिलअमाईन नांवाचें द्रव्य तयार होऊं लागतें, आणि ज्याला हिमटा किंवा उग्र वास म्हणतात तो मुख्यतः त्याचाच. हें द्रव्य क्षारधर्मी असल्यामुळें आम्लाशीं त्याचा संयोग होतो व तें हवेंत उडून जात नाहीं. म्हणून आमसूल पडतांच वास बसतो. शिवाय आंबट व खारट रशांत पदार्थ लवकर नासत नाहीं. बर्फ नाहीं, थंड पेटी नाहीं, हवा दमट आणि उष्ण. अशा घरांत दुपारचें कालवण दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलें तें आमसूल, मीठ आणि झोपण्यापूर्वीं दिलेली एक उकळी यांच्या जोरावर. रसायनशास्त्र कोकणी गृहिणीला शिकविलें नव्हतें. आमसूल विसरलें तर काय होतें, हें मात्र तिला एका अनुभवांत शिकावयास मिळत असे.

आतां मिरची. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला उतरला, पोर्तुगीजांनीं गोवें १५१० मध्यें घेतलें, आणि अमेरिकेच्या भूमींतलें हें झुडूप त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत या किनाऱ्यावर आलें. मराठींत त्याला नवें नांवसुद्धां मिळालें नाहीं. मिऱ्यावरून मिरची एवढ्यावर भागलें. मालवणी कालवणाचा तो लालभडक रंग, ज्याच्याकडे पाहून शहरांतला पाहुणा ‘हें खरें पुराणें कोंकण’ असें म्हणतो, तो रंग वास्तविक या पदार्थांतला सर्वांत नवा भाग आहे. मिरची येण्यापूर्वीं तिखटाचें काम मिऱ्यांबरोबर तिरफळानेंहि केलें असावें, असा तर्क करण्यास जागा आहे. सह्याद्रीच्या रानांत होणारें हें फळ जिभेला किंचित् बधिर करतें आणि त्याचा वास उग्र असतो; बांगडा व तारली यांसारख्या तेलकट माशांत तें आवर्जून घालतात, पांपलेटांत कोणी सहसा घालीत नाहीं. मिरची आली तरी तिरफळाची जागा गेली नाहीं, हेंच त्याच्या थोरवीचें प्रमाण होय. उत्तरेकडे वसई-पालघरच्या वाडवळ, पांचकळशी घरांतलें भुजणें पाहिलें तर त्यांत वाटलेला नारळ नसतोच. लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, हळद आणि आंबट यांत मासा अंगच्या रसांत शिजतो. एकाच किनाऱ्यावर शेंदीडशें कोसांत माशाच्या साध्या जेवणाचीं अशीं निरनिराळीं घराणीं आहेत.

भाताबद्दल एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. कोंकणांत भात बिनमिठाचा शिजवितात, कारण मीठ कालवणांत असतेंच. ही इतकी किरकोळ बाब गोव्यांतील धर्मन्यायासनाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, नजरेंतून सुटली नाहीं. १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्यांत नवख्रिस्त्यांनीं हिंदूंप्रमाणें बिनमिठाचा भात शिजवूं नये असें फर्माविलें होतें. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळें हा जाहीरनामा सर्वत्र माहीत झाला. राज्यसत्ता माणसाच्या देवघरांत शिरली कीं स्वयंपाकघरांत शिरावयास तिला फार वेळ लागत नाहीं. आणि मडक्यांतल्या चिमूटभर मिठावरून माणसाचा धर्म ओळखूं पाहणारी सत्ता ही कांहीं शेवटची सत्ता नव्हती. मिठाची खरी कथा पुढेंच आहे.

मृगाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या जातात, त्यांवर झांपा पडतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. शिडाच्या होड्यांच्या काळीं हा बंद पाळण्यास कायद्याची गरज नव्हती. वारा आणि लाट हाच कायदा होता. या दोनअडीच महिन्यांसाठीं घरांत कांहीं सांठवणें भाग होतें. वैशाखांत या सांठवणीची धांदल उडे. मराठी कोंकणांत तिला आगोटीची बेगमी म्हणतात, गोव्यांत पोर्तुगीज शब्दावरून ‘पुरुमेंत’. खारविलेला बांगडा, सुके बोंबील, सोललेल्या कोळंबीचे सोडे, वाळलेला जवळा हीं मडक्यांत, डब्यांत, टोपल्यांत भरून ठेवावयाचीं; पावसाची झड लागली म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि पेज, वांग्याबरोबर शिजविलेले सुके बोंबील, कांदा-आमसूल घालून परतलेला जवळा. ज्याच्या शेतांत पेरणीचें काम आहे आणि हातांत रोकड नाहीं, त्या कुणब्याच्या घरीं तोंडाला चव आणणारा हा एकच पदार्थ होता. घाट चढून देशावर जाणाऱ्या बैलांच्या पाठीवरहि ही मासळी जात असे.

मासा खारवावयाचा म्हणजे मीठ लागतें, आणि तेंहि चिमटीनें नव्हे. तीन ते पांच भाग माशाला एक भाग मीठ असें साधारण मान आहे. ज्या सरकारनें मिठावर कर बसविला, त्यानें अशा रीतीनें नकळत गरिबाच्या पावसाळी जेवणावरच कर बसविला. १८८२ मध्यें हा कर बंगाली मणास, म्हणजे सुमारें ३७ किलो मिठास, दोन रुपये होता. १८८८ मध्यें तो अडीच रुपये झाला. पांच मण बांगडा खारवावयाचा तर नुसत्या करापायीं अडीच रुपये जात, आणि ती रक्कम त्या काळच्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. मीठ मात्र त्याच्या डोळ्यांसमोर आगरांत आपोआप जमत होतें. तें उचलणें हा गुन्हा होता.

या अन्यायाची सरकारी दप्तरांत स्पष्ट नोंद करणारा मनुष्य सरकारी नोकरच होता, हें विशेष. डॉक्टर फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करांतला शल्यवैद्य. हिंदुस्थानांतल्या माशांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळांत निघाला आणि शास्त्रज्ञ अद्यापहि तो उघडतात. मत्स्यव्यवसायाचा मुख्य तपासनीस या नात्यानें त्यानें १८७३ मध्यें सागरी मासळीवर एक अहवाल सादर केला. महाग मिठामुळें कोळी लोक खाऱ्या मातीनें किंवा नुसत्या समुद्राच्या पाण्यानें मासा टिकविण्याची धडपड करतात, त्यामुळें माल नासतो, खाणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होतो आणि पुष्कळशी मासळी वायां जाते, असें त्यानें दाखवून दिलें. हा मनुष्य माशाचे खवले आणि पर मोजणारा; परंतु मोजतां मोजतां तो कोळ्याच्या चुलीपर्यंत पोंचला.

सरकारनें यावर काढलेला तोडगा मोठा चमत्कारिक होता. कर काढून न टाकतां, प्रथम मद्रास इलाख्यांत आणि मग मुंबई इलाख्यांतील रत्नागिरी व कानडा जिल्ह्यांत, मासे खारविण्याचीं सरकारी आवारें उघडण्यांत आलीं. कोळ्यानें आपली मासळी त्या कुंपणांत आणावयाची, ती तोलून घ्यावयाची, तिच्या वजनाच्या प्रमाणांत स्वस्त मीठ मिळावयाचें, आणि तें तेथल्या तेथें माशाला लावून संपवावयाचें. त्यांतलें मूठभर मीठ कनवटीला लावून घरच्या कालवणासाठीं नेलें तर तो अपराध. माशाला सवलत होती, माणसाला नव्हती! तरी या आवारांचा उपयोग झाला नाहीं असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. माल सुधारला, व्यापारहि वाढला. परंतु ज्या बाईला घरच्या अंगणांत पांचपन्नास बांगडे खारवावयाचे होते, तिला कुंपणाआंतल्या सवलतीचा लाभ होणें कठीण होतें.

गोव्याची सरहद्द ओलांडली तरी सुटका नव्हती. १८७८ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत जो तह झाला, त्यानें गोव्यांतल्या मिठागरांचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि तेथेंहि ब्रिटिश हिंदुस्थानच्या दराप्रमाणें मीठ महाग झालें. ज्या प्रदेशांत मीठ हा घरचा पदार्थ समजला जाई, तेथें तें परवान्यानें मिळूं लागलें. हा तह १८९२ मध्यें संपला, तेव्हां तो पुन्हा करण्याविषयीं गोव्यांत फारसें कोणी उत्सुक नव्हतें.

ब्रिटिश मुलखांत कर पुढें उतरत गेला. १९०७ मध्यें तो मणास एक रुपया होता. १९२३ मध्यें एकदम पुन्हा अडीच रुपये झाला आणि दुसऱ्याच वर्षीं सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील शिरोडें येथें मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या नाना भागांतून स्वयंसेवक तेथें गेले, त्यांनीं लाठ्या खाल्ल्या व तुरुंगवास पत्करला. ती कथा इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्या पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट ही कीं, शिरोड्यासारख्या गांवांत मीठ हें निशाण होण्यापूर्वीं खाऱ्या बांगड्याचा भाव होतें. घाटावरच्या स्वयंसेवकाला मीठ म्हणजे स्वराज्य वाटलें. गांवच्या कोळणीला तें स्वराज्य तर होतेंच, शिवाय आगोटीची बेगमी होती. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें मिठागरांलगतच्या गांवकऱ्यांना घरखर्चापुरतें मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली, आणि १९४७ मध्यें कर रद्द झाला.

बोंबलाची हकीगत निराळी आहे, पण ती थोडक्यांत आटोपेल. या माशाच्या अंगांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतें, म्हणून ओला बोंबील तासांवर टिकत नाहीं. खाड्यांच्या तोंडाशीं ओहोटी-भरतीच्या ओढींत डोल जाळें लावून कोळी तो पकडतात आणि दोन दोन बोंबलांचीं तोंडें एकमेकांत अडकवून बांबूच्या माळ्यांवर उन्हांत टांगतात. त्याला मीठसुद्धां लागत नाहीं, एवढा या गरिबाच्या माशाचा सालसपणा! इंग्रजींतलें त्याचें ‘बॉम्बे डक’ हें नांव डाकगाडींतून त्याची वाहतूक होई यावरून पडलें अशी एक गोड कथा सांगतात. परंतु मुंबईची पहिली आगगाडी १८५३ मध्यें निघाली आणि हें नांव इंग्रजी लिखाणांत तिच्या आधींपासून आढळतें, तेव्हां कथेला रामराम करणें बरें. ओला बोंबील तळण्यापूर्वीं पाट्याखालीं दाबून त्यांतलें पाणी काढावयाचें, ही युक्ति मुंबईच्या घराघरांतली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० मध्यें निघालें, आणि पाठारे प्रभूंच्या घरांतली सामिष पाकविद्या त्यांतून छापील मराठींत आली. तोंवर सासूच्या हाताखालीं शिकण्याची जी विद्या होती, ती आतां वेगळें बिऱ्हाड करणाऱ्या सुनेला रुपये-आण्यांत मिळूं लागली. गिरणगांवांतल्या खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्याला मात्र पुस्तकाचा उपयोग नव्हता. त्याच्या ट्रंकेंत गांवाहून येतांना बांधून दिलेलीं आमसुलें, तिरफळें आणि खाऱ्या बांगड्यांचें गांठोडें असे, आणि खानावळवाली बाई बहुधा त्याच्याच तालुक्यांतली असे.

मिठाचा कर गेल्यावर बांगडा स्वस्त राहिला असेल अशी कोणाची समजूत असेल, तर ती खरी नाहीं. भांड्यांतल्या सगळ्या जिन्नसांत आतां खुद्द माशाचीच पाळी आली.

बांगडा हा थव्यानें फिरणारा मासा. पाऊस ओसरला म्हणजे त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात, आणि ते पकडण्याचें जुनें साधन म्हणजे रांपण. हें अनेक तुकडे जोडून केलेलें लांबच लांब जाळें होडींतून समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर उभे राहून ओढतात. ओढण्यास पन्नास-शंभर माणसें लागतात. एका घराचें हें काम नव्हे. म्हणून रांपणीचा संसार सामाईक असे. जाळ्याचे तुकडे निरनिराळ्या घरांचे, होडी सर्वांची, आणि जें निघेल त्याचे वांटे ठरलेले. मालवणच्या गाबितांत आणि गोव्याच्या ख्रिस्ती रांपणकारांत ही पद्धत थोड्याफार फरकानें सारखीच होती. दोरीला हात लावणाऱ्याला घरच्या कालवणापुरते मासे मिळत. उरलेले बायकांच्या पाट्यांतून गांवोगांव जात. पैसे नसतील तेथें भाताच्या मापानेंहि व्यवहार होई. थवा मोठा आला तर बांगडा इतका स्वस्त होई कीं, माडांच्या बुंध्याशीं खत म्हणूनहि तो पडत असे.

१९६१ मध्यें गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या काळांत यांत्रिक ट्रॉलर तेथें वाढले. निर्यातीसाठीं कोळंबीला भाव होता, कर्जें व सवलती सहज मिळत होत्या, आणि कोळंबी किनाऱ्याजवळच असल्यामुळें ट्रॉलरहि किनाऱ्याजवळ येत. रांपणीचीं जाळीं फाटलीं, थवे पांगले. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास कर्नाटकांत पर्स सीन हें नवें जाळें आलें. तें भर समुद्रांत सबंध थव्याला वेढा घालून पिशवीसारखें तळाशीं आवळतें. जो थवा चार दिवसांनीं किनाऱ्याला लागला असता, तो तेथेंच संपूं लागला. कर्नाटकाच्या रांपणी कांहीं वर्षांतच बहुतेक बसल्या. गोव्यांत रांपणकारांनीं त्या दशकाच्या उत्तरार्धांत मोठें आंदोलन केलें. पुढें १९८० मध्यें गोव्याचा आणि १९८१ मध्यें महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला, आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मासेमारांसाठीं राखण्याचें तत्त्व मान्य झालें. तत्त्व मान्य होणें आणि समुद्रांत रेघ ओढतां येणें यांतलें अंतर, त्या रेघेवर राहणाऱ्यांना विचारावें.

या कलहाकडे शहरांतलीं घरें बहुधा दोन जमातींचें भांडण म्हणून पाहत आलीं. परंतु त्यांच्या ताटाचा त्याच्याशीं फार जवळचा संबंध आहे. रांपणीचा बांगडा सकाळीं निघून दुपारीं शिजत असे. बांगडा हा त्वरेनें उतरणारा मासा. तो उन्हांत पडून राहिला तर त्याच्या अंगांत हिस्टमीन नांवाचें द्रव्य सांचतें, मग तो खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, अंगावर गांधी उठतात, आणि हें द्रव्य एकदां झालें म्हणजे शिजवूनहि जात नाहीं. खोल समुद्रांतून बर्फांत येणारा मासा नीट राखला तर उत्तम राहतो. हेळसांड झाली तर त्याचा दोष आमसुलानें झांकतो पण नाहींसा होत नाहीं. किनाऱ्यावरच्या बायका गल्ला उघडून लाल रंग पाहतात आणि पोटाला बोटानें दाबतात, तें यासाठींच. तारलीसारख्या स्वस्त मासळीचा मोठा भाग आतां मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांकडे वळतो, आणि कोंबड्या व कोळंबी यांच्या खाद्यांतून तो दुसऱ्याच कोणाच्या ताटांत पोंचतो. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें राज्यमासा ठरविला, आणि तो मान पांपलेटाला मिळाला. पांपलेट सुंदर आहे, त्याची जपणूकहि झालीच पाहिजे. परंतु दुपारच्या साध्या जेवणाच्या घरीं मतें मोजलीं असतीं तर निकाल कदाचित् वेगळा लागता.

२०१६ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांत पर्स सीन जाळ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यांत आली आणि त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवण्यांत आला. बांगड्याच्या सुगीचे दिवसहि नेमके तेच, असें मालवणकडचे मासेमार तेव्हांपासून सांगत आले आहेत. त्या किनाऱ्यावर रांपणी अजून आहेत, जरी पूर्वींइतक्या नाहींत. होडी अर्धवर्तुळ फिरून परत लागली म्हणजे वाडीवाडींतून माणसें वाळूवर उतरतात, दोन रांगा होतात, आणि दोरी हळूहळू वर येऊं लागते. जाळें किनाऱ्याला लागल्यावर प्रथम वांटे पडतात, मग विक्री होते. आणि ज्यानें दोरी ओढली त्याच्या पिशवींत चारसहा बांगडे पडल्यावांचून तो घरीं जात नाहीं.